बेंदराचे खांब

मष्णूआप्पा आमच्या कॉलेजचा शिपाई. येळ्ळूरचा माणूस. उभी हयात त्यानं तास झाल्याची घंटा बडवण्यात घालवली, पण आवाज असा खणखणीत की घंटेची गरजच नव्हती. मी तिथलाच कारकून. माझी अर्धी नोकरी त्याची चेष्टा करण्यात गेली. ती तो हसून सोसायचा, फक्त खांबांची चेष्टा त्याला खपत नसे.

दर्शनी व्हरांड्याचे ते दगडी खांब. घरचे बैल विकले त्या वर्षी बेंदराच्या सणाला मष्णूआप्पाला करमेना. शिंगं रंगवायला हात शिवशिवत होते आणि गोठा रिकामा. मग गडी तांबड्या ऑइलपेंटचा डबा घेऊन तडक कॉलेजात आला आणि सगळे खांब रंगवून मोकळा झाला. वर निळा पट्टा. प्राचार्यसाहेब खूश झाले, आणि दर बेंदराला हाच नेम पडला. निवृत्त झाल्यावरही सांगायचा, "कॉलेज सायबाचं असंल, खांब माझं हाईत."

यंदा त्या जुन्या इमारतीचं जतनाचं काम निघालं. ते बघायला जुन्या नोकरांना बोलावणं आलं. मष्णूआप्पा इस्त्रीचं धोतर नेसून हजर. त्याची नात रचना तिथंच बी.ए.ला होती. 'आमच्या आज्जाचे खांब बघायला या' म्हणून तिनं मैत्रिणींनाही गोळा केलं होतं.

चिकोडीचे सन्मती म्हणून इंजिनीअर आम्हाला फिरवत होते. चुन्याचा गिलावा झाला, सागवानी तुळया झाल्या. मष्णूआप्पा सगळ्यांच्या पुढं. व्हरांड्यात आल्यावर मात्र थबकला. खांबांचा रंग खरवडून काढला होता. काळा दगड उघडा पडला होता, जागोजागी खड्डे. शेवटचा एकच खांब तेवढा तांबडा होता.

"हा मुद्दाम ठेवलाय, लोकांना कळावं म्हणून," सन्मती म्हणाले. "वर्षानुवर्षं थरावर थर चढवले. ओल आत कोंडली आणि दगड फुटला. इमारतीचं सगळ्यात मोठं नुकसान यानंच झालंय." त्यांनी बोट लावलं तसा दगडाचा पापुद्रा हातात आला.

"कुठल्या शहाण्याचं काम हो हे?" मागून कुणीतरी विचारलं. सगळे हसले.

मष्णूआप्पानं टोपी काढून हातात घेतली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला जीव लावला त्याचंच आपण वाटोळं केलं, आणि ते कळलं तेही चारचौघांत. मी दुसरीकडं बघत राहिलो.

तेवढ्यात एका मैत्रिणीनं विचारलं, "रचना, तुझ्या आज्जाचे खांब कुठले गं?"

रचनानं आज्जाकडं पाहिलं नाही. "ते मागच्या बाजूला होते. पाडले की."

पोरीला आपली लाज वाटली, हे मष्णूआप्पाला लगेच समजलं.

"व्हय," तो म्हणाला. "पाडलं ते. लई जुनं झालतं."

पण आवाज इतका खाली गेला होता की मैत्रिणीला ऐकूच आलं नाही. "काय म्हणाले आज्जा?" तिनं विचारलं.

त्याला ते पुन्हा सांगावं लागलं.