सुमनबाईचा रिकामा हात

जब्बार चाचांना नाव विचारून मारलं होतं.

त्यानं ते मेले नाहीत. आज सकाळी गेले, बल्लारपूरला, घरच्या खाटेवर, अर्धा चहा पिऊन.

चाचा मनियार. पोंभुर्ण्याकडच्या खेड्यांत बाजाराच्या दिवशी बांगड्या भरायचे. मोहर्लीला जंगल सफारीच्या जिप्सीवरची माझी नोकरी सुटली (सोडली खरं तर, ते राहू द्या), तेव्हा त्यांची पेटी बाईकवर बांधून मी सोबत फिरायचो.

बाईचा हात नुसता पाहून साईज सांगायचे. माझा पाहून म्हणाले, "दोन-दहा. काम नाई करत ना बाबू, म्हणून नरम हाय."

त्या दिवशी सुमनबाई बसली होती. धानाची शेती, पोरीचं लग्न तोंडावर. चाचांनी डावा हात भरला, उजवा धरला, आणि बाहेरची चार पोरं आली.

"नाव काय बे तुझं?"

चाचांनी सांगितलं.

"आमच्या बायांचे हात धरतो?"

मग लाथा. पेटी रस्त्यावर.

मी भजे आणायला गेलो होतो.

आल्यावर काय केलं माहितीये? काचा झाडून टाकल्या. फुटक्या बांगड्या वाटेत नको म्हणून. पुरावाच झाडला मी.

चाचा म्हणे, "गाडी स्लिप झाली बोल. अपने को इधरच बाजार करना है."

खरं सांगतो, मलेही तेच बरं वाटलं.

सुमनबाई उठली. "चाला ठाण्यात."

"बाई, पहिले उजवा हात तं भरून घ्या." एक हात रिकामा ठेवून चाचा कोणालाच उठू देत नसत.

"नाई. पहिले लिहून होऊ द्या."

ठाण्यात साहेब 'बाजारातलं भांडण' लिहू लागले. बाईनं दोन्ही हात टेबलावर ठेवले, एक हिरवा, एक रिकामा.

"भांडण नाई साहेब. नाव इचारलं, मंग मारलं. माहा हात चाचाच्या हातात होता. ती पोरं काय बोलली, तेबी लिहा."

लिहिलं.

कोर्टातून फुकट मिळालेल्या वकीलबाई नंतर म्हणाल्या, "हेच सगळ्यांत महत्त्वाचं. भांडण माणसाशी असतं. हे नावाशी होतं, म्हणजे त्या नावाच्या सगळ्यांशी." तेव्हा कुठं मले समजलं. चाचांना झोप लागत नव्हती. सरकारी दवाखान्यात अशा धसक्याचे डॉक्टर असतात, हेही वकीलबाईंनीच सांगितलं.

केस अजून चालू आहे.

चाचा तीन बाजार घरीच बसले. सुमनबाई उजवा हात रिकामाच ठेवून फिरली. बाया म्हणत, "लग्नघर हाय तुह्यं, दुसऱ्याकडून भर ना वं!"

"ज्यानं सुरू केलं, तोच भरंल."

चौथ्या बाजाराला चाचा आले. तिचा हात धरला, त्यांचाच कापत होता. पहिलीच बांगडी तुटली.

"वाढली तं वाढली चाचा. दुसरी घाला. मले काऊन घाई हाय?"

चाचा हसले. तीन बाजारांनंतर.

आज तिला फोन करून सांगितलं. डोळे पुसत असावी. नुसत्या बांगड्या वाजत होत्या.

या आता, चाचा. कोणी इचारलं तं तुमचं नाव मी मोठ्यानं सांगीन.