विमलताईंच्या तोंडून निघालेलं नाव

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. बँकेची नोकरी, सारख्या बदल्या... किती गावांत, किती भाड्याच्या घरांत एकटी राहिलेय, कधी काही जाणवलं नाही. पण हे माझ्यासमोर घडलंय, म्हणून लिहितेय.

कोलकात्यात, बेहालाला, माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये विमलताई राहतात. मूळच्या नगरच्या, मराठी ख्रिश्चन. यजमान रेल्वेत होते म्हणून इकडे आल्या, ते गेल्यावरही इथेच राहिल्या. एकुलती एक मुलगी रूथ, शाळेत शिकवायची. अख्ख्या बिल्डिंगमध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही तिघीच.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी ऑटो स्टँडजवळ बाईकवरच्या माणसाने एका म्हातारीच्या गळ्यातली चेन ओढली. रूथने मागून त्याचा शर्ट धरला... आणि सोडलाच नाही. त्याने चाकू काढला. हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हेल्मेटमुळे त्याचा चेहरा कुणालाच दिसला नव्हता.

दफनानंतरच्या रविवारी दुपारी ताईंच्या घरी प्रार्थना ठेवली होती. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. ताई आत आल्या. डोळे कोरडे.

"आज मी प्रभूकडे त्याचा सत्यानाश मागणार आहे. पाप लागलं तर लागू दे."

मी चहाचा ट्रे उचलला आणि त्यांच्यामागोमाग बाहेर गेले.

पास्टरांची बंगालीतली प्रार्थना झाली आणि ताई उभ्या राहिल्या. "हे स्वर्गीय पित्या..." मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग अगदी शांत आवाजात — "टुबाईला क्षमा कर. तो घाबरलाय. टुबाईला क्षमा कर."

पास्टरांनी मला हळूच विचारलं, "टुबाई कौन है?" मला काय माहीत! इथे घराघरांत मुलांना अशी लाडाची नावं असतात, फक्त घरच्यांनी हाक मारायची. वाटलं, रूथचा कुणी विद्यार्थी असेल.

सगळे गेल्यावर ताई म्हणाल्या, "मागितलं मी. त्याचं वाटोळं मागितलं. आता प्रभू बघेल."

"ताई... तुम्ही क्षमा मागितलीत. कुणा टुबाईसाठी."

"कोण टुबाई?" त्या एकदम भडकल्या. "पोरीला मातीत ठेवून आठवडा नाही झाला, आणि मी क्षमा मागेन? वेड लागलंय का तुला?"

मी रिकामे कप गोळा करायला लागले.

काही महिन्यांनी तो चाकूवाला पकडला गेला. पेपरमध्ये नाव आलं, ते वेगळंच होतं. मी तो विषय मनातून काढून टाकला.

कोर्टाच्या पहिल्या तारखेला मी ताईंसोबत गेले. पोलीस त्याला पॅसेजमधून नेत होते — विशीतला, हडकुळा. इतक्यात मागून विटक्या साडीतली एक बाई धावत आली. "टुबाई! ओ टुबाई, खेयेछिस किछु?" काही खाल्लंस का, एवढंच विचारत होती. तो वळला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

ताईंनी माझा दंड घट्ट धरला. परत येताना टॅक्सीत त्यांनी विचारलं.

"म्हणजे मी खरंच तसं म्हणाले होते?"

"हो, ताई."

"देवाला त्याचं घरातलं नाव ठाऊक. तो घाबरलाय हेही ठाऊक..." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "मग त्या संध्याकाळी माझ्या रूथकडे कुणाचं लक्ष होतं गं?"

नंतर मी खूप चौकशी केली. तो पार नदीपलीकडे, हावड्याला राहणारा. रूथशी, शाळेशी, आमच्या गल्लीशी त्याचा काडीचा संबंध नाही. पास्टरांनाही ते नाव स्पष्ट आठवतंय, म्हणजे मला भास झाला असंही नाही. योगायोग म्हणावं, तर मन मानत नाही. चमत्कार म्हणावं, तर ताईंचा चेहरा आठवतो. मला अजूनही उलगडा झालेला नाही.

ताईंनी त्याला माफ केलेलं नाही, आणि त्या ते लपवतही नाहीत. चर्चला मात्र जातात. सगळे प्रार्थनेला उभे राहतात तेव्हा ओठ मिटून बसून राहतात. परवा मी विचारलं, तर म्हणाल्या,

"भीती वाटते गं. तोंड उघडलं, आणि परत त्याच्यासाठीच काही निघालं तर?"