अण्णांची सहा इंची दुर्बीण

सोसायटीच्या ग्रुपवर आधी पाण्याची टाकी धुणार असल्याचा मेसेज होता आणि त्याच्याखाली हणमंत अण्णा गेल्याचा. दोन्हींच्या खाली लोकांनी हात जोडले होते. मी तेव्हा उरणला बहिणीकडे होते. फोन पालथा ठेवला आणि तिने वाढलेलं ताट पुढे ओढलं. रडू आलं नाही. या वयात अशा बातम्या एकामागून एक येत राहतात, प्रत्येकीला रडायचं त्राण अंगात उरत नाही. रडू आलं ते महिन्याने, आणि त्यात दुःखापेक्षा शरम जास्त होती. म्हणून हे लिहिते आहे.

अण्णा मूळचे साताऱ्याकडचे. वाशीच्या मार्केटात माथाडी म्हणून तीस-पस्तीस वर्षं कांद्या-बटाट्याची पोती वाहिली आणि निवृत्त होऊन कामोठ्याला आमच्या बिनलिफ्टच्या चार मजली इमारतीत राहायला आले. ते आणि शालनताई पहिल्या मजल्यावर, मी तिसऱ्यावर. मी विज्ञानाची शिक्षिका. शाळेतल्या माझ्या शेवटच्या वर्षी मैदानावर आकाशदर्शन ठेवलं होतं, तेव्हा या दोघांनाही बोलावलं. अण्णांनी दुर्बिणीतून शनी पाहिला, अर्धा मिनिट असेल, मागचे लोक ढकलत होते. ते बाजूला झाले आणि मुकाट्याने पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांचा नंबर येईपर्यंत ढग आले. दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात हजर. "बाई, तसलं येक आपल्याला घेता यील का?"

मला काय, सल्ला द्यायला कुणी सांगायचीही गरज लागत नाही. पुढचे चार महिने संध्याकाळचा चहा आणि दुर्बीण. बेताच्या पैशांत एक तर नवी लहान मिळत होती, नाही तर वापरलेली मोठी. खोक्यावर छापलेल्या 'चारशे पट'वर जाऊ नका, स्टँड लटपटलं तर चंद्रसुद्धा नाचतो, भिंगापेक्षा आरशाची स्वस्त पडते, हे सगळं मी त्यांच्या गळी उतरवलं. ते ऐकायचे आणि प्रत्येक दुर्बिणीला एकच प्रश्न विचारायचे, "हिचं वजन किती आसंल?" एकदा मी वैतागून म्हटलं, "अण्णा, बटाटे घेताय का?" ते हसले. खरं तर त्यांचं मन त्या लहान, टेबलावर ठेवायच्या दुर्बिणीवर बसलं होतं. मीच हट्टाला पेटले. खारघरच्या एका हौशी माणसाकडे सहा इंची आरशाची जुनी दुर्बीण होती, लाकडी बैठकीसकट, लहानीच्याच किमतीत. अशी संधी सोडतात का? त्या माणसानेच गाडीतून आणून ती अण्णांच्या घरात ठेवून दिली.

मग मी जिन्यात भेटले की सांगायची, आज संध्याकाळी पश्चिमेला शुक्र बघा, आज चंद्रकोर छान आहे, आज शनी दिसेल. गच्चीवर मी स्वतः कधी गेले नाही. माझे गुडघे ऐकत नाहीत, हे मी सगळ्या इमारतीला ऐकवलेलं आहे. दोन दिवसांनी अण्णा खबर द्यायचे. "दिसला बाई. कडं लई झ्याक." गेल्या वर्षी शनीची कडी आपल्याकडे धारेने वळली होती, पाहिली असती तर नुसती एक रेघ दिसली असती. तरीही अण्णांना कडं झ्याकच दिसलं. मला ते खटकलं होतं. पण दमले होते, हातात भाजीची पिशवी होती... मी "वा!" म्हणून वर गेले.

महिन्याने शालनताईंना भेटायला गेले. दुर्बीण पलंगाशेजारी उभी होती, त्यांनी शिवलेल्या फुलाफुलांच्या खोळीत. "बाई, ही तुमी न्या," त्या म्हणाल्या. "कुनाच्या तरी कामाला यील. हितं आल्यापास्नं जागची हलली न्हाई."

मला कळेना. म्हटलं, अण्णा गच्चीवर न्यायचे ना?

"कुठलं वो. मनक्यात ग्याप. डॉक्टरांनी पान्याची बादलीबी उचलू नका म्हनून सांगितलेलं."

"मग मला का नाही सांगितलं? लहान घेतली असती."

शालनताई खोळीच्या नाडीशी चाळा करत राहिल्या. "मार्केटात पोत्याला जड म्हनत न्हाईत, बाई. म्हटलं की टोळीत मान खाली. ह्ये घरातबी कवा म्हनले न्हाईत. तुमास्नी काय सांगनार... म्हनायचे, बाईंनी येवढ्या मायेनं निवडली."

पहिली दुर्बीण कुठली घ्यावी, असं विचारणाऱ्या शेकडो मुलांना मी एकच सांगत आले: जी स्वतःला उचलून बाहेर नेता येईल ती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. अण्णा चार महिने वजन विचारत होते, ते मला नीट ऐकू येत होतं. पण आयुष्यभर पोती उचललेल्या माणसाला "हे तुम्हाला झेपेल का?" असं कोण विचारतं? माझ्या गुडघ्यांना अख्खी इमारत ओळखते, आणि त्यांची पाठ माझ्या ध्यानीमनीही नव्हती. त्या माणसाने आयुष्यात शनी एकदाच पाहिला. अर्धा मिनिट. तोच तो मला वर्षभर सांगत राहिला, मी नाराज होऊ नये म्हणून.

खोळ काढली. नळीवर धुळीचा कण नव्हता, अण्णा रोज सकाळी पुसायचे म्हणे. मी नळीला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि जोर लावला. जमिनीपासून वीतभर उचलली असेल नसेल, परत टेकवली.

"जड आहे हो," मी म्हणाले.

शालनताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग दुसऱ्या बाजूने त्यांनीही उचलून बघितली.

"व्हय बाई," त्या म्हणाल्या. "लई जड हाय."

आणि आम्ही दोघी तिथेच, तिच्या दोन बाजूंना, खाली फरशीवर बसलो.