चावीवाला कामावर नाही

मी होटगी सोडली तेव्हा माझे वडील, आप्पा, ड्युटीवर होते. ते रेल्वेत चावीवाले. हातोडा घेऊन रोज रुळाच्या कडेनं चालायचं आणि रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या असतील तर ठोकून घट्ट करायच्या. माझी गाडी आली तसे ते नियमाप्रमाणे बाजूला उभे राहिले. मी खिडकीत रडतेय आणि हा माणूस चाकं बघतोय! सोलापूरपर्यंत सोडायला आलेली माझी थोरली बहीण, अक्का, म्हणाली, “आप्पांचं मनावर घिऊ नगंस. शिकून मोठी हो.” आईमागे तिनंच मला वाढवलेलं.

जर्मनीत मी लॅबमध्ये मेंदूच्या कॅन्सरच्या पेशी वाढवते. एकाच जनुकावर काम. ते पेशीला आवरून धरतं. ते गेलं की पेशी वाढतच सुटते. एका दिवाळीला घरी हे समजावत होते, तर आप्पा म्हणाले, “म्हंजे चावीवाला कामावर न्हाय. पयल्या दिशी कायच हुत न्हाय की. गाडी जाती. मग कवातरी घसरती.” माझ्या प्रोफेसरांनाही इतकं सोपं सांगता येत नाही. अक्का तर पोट धरून हसली.

पुढं तिच्याच डोक्यात गाठ निघाली. रिपोर्टचा फोटो मोबाइलवर आला. ज्या जनुकावर माझी उमेदीची वर्षं गेली, ते त्या गाठीत उरलं नव्हतं.

व्हिडिओ कॉलवर आप्पांनी विचारलं, “मग त्या चावीवाल्याला परत कामावर घेता येत न्हाय का? तू त्येच शिकलीस न्हवं?”

लॅबमधल्या काचेच्या डिशमध्ये घेता येतं, आप्पा. मी स्वतः घेतलंय, वाढ मंदावलेली पाहिलीय. पण माणसाच्या डोक्यात पेशीपेशीपर्यंत ते पोचवायचं कसं? जास्तीचं काही असेल तर औषधानं दाबून तरी बघता येतं. जे उरलंच नाही ते आणायचं कुठून? यातलं मी काही बोलले नाही. “बघते,” म्हणाले. त्या एका शब्दावर ते घर आठ महिने जगलं. अक्का शेजारणींना सांगायची, “आमची धाकटी औषध घिऊन येतीया.”

मी गेलेच नाही. प्रयोग अर्धवट आहे, व्हिसाचं चाललंय. कारणं काय, पैशाला पासरी. खरं एवढंच की रिकाम्या हातानं तिच्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती. तुमच्यातले जे माझ्यासारखे लांब गेलेत त्यांना हे कळेल. जे मागं राहिलेत त्यांनी मला माफ करू नये.

अक्का गेली. आता घर म्हणजे आप्पांचा रविवारचा फोन. तेराव्यानंतरच्या फोनवर त्यांनी आधी कोण कोण आलं होतं ते सांगितलं. मग म्हणाले, “आता तरी ये की गं. आता तुला कोण काय इचारणार न्हाय.”