कमरेची फीत

दोह्यातल्या आमच्या कॉलेजच्या मुलींच्या अमेरिकन फुटबॉल संघाची बस सांगलीकडचे एक काका चालवायचे. आम्ही हरून आलो की स्कोअर न विचारता ते एसी वाढवत आणि अरबीतल्या ‘संपलं, सोडा’ या अर्थानं म्हणत, "खलास, बसा."

आमच्या ‘फ्लॅग’ प्रकारात बॉल घेऊन पळणारीला पाडत नाहीत, तिच्या कमरेची फीत ओढतात. माझ्या हातून ती दर वेळी सुटायची; ‘तिच्या तोंडाकडेच बघत होते, तरी फसवलं’ हे रडगाणं मी परतताना बसमध्ये गायचे. शेवटच्या मॅचला कोच म्हणाल्या, आज सुटली तर बाहेर.

मी बसमधून उतरताना काका हळूच म्हणाले, "पोरी, तू तोंडाकडं बघतीस म्हणून फसतीस. कबड्डीत आम्ही कमरंकडं बघायचो. कंबर फसवत न्हाई."

मैदानात मी कमरेवरच नजर ठेवली; पहिल्याच झटक्यात फीत हातात आली आणि माझा जीव भांड्यात पडला. मी बसकडे पाहिलं. मुलींची मॅच पुरुषांनी बघायची नाही असा तिथला नियम, म्हणून काका नेहमीसारखे मैदानाकडे पाठ करून उभे होते. मुलींचा ओरडा ऐकून त्यांनी न वळताच विचारलं, "घावली का?"