करदोडा आणि दुपारची गोळी

धान्याच्या मोंढ्यात दोन हमालांची मारामारी झाली. आमचे हे सोडवायला मधे पडले आणि पोलिसांनी तिघांनाही उचललं. मी ठाण्यात पोचले तोवर त्यांना आत कोंडलं होतं.

हवालदारानं माझ्या हातात एक पुडकं दिलं. त्यात चपला, पायजम्याची नाडी आणि कापलेला करदोडा. आमच्यात करदोडा माणूस गेल्यावर तोडतात.

"घाबरू नका, बाई. आत कुणी गळ्याला बांधून घेतलं तर? त्याच्या जिवाची जबाबदारी आता आमच्यावर हाय."

ते ऐकून धीर आला. मी सोबत आणलेल्या गोळ्या पुढं केल्या. "साहेब, यांना फिट येते. दुपारची गोळी चुकली की येतेच."

"बाहेरचं औषध चालत नाय. डॉक्टरची चिठ्ठी आणा."

चिठ्ठी हर्सूलला घरी, पत्र्याच्या डब्यात. भर उन्हात जाऊन घेऊन आले. त्यानं उलटीसुलटी केली. "ही जुनी हाय. साहेब आल्यावर बघू."

"कधी येतील?"

"मला इचारून जातेत का?"

शेजारची महिला शिपाई हसली. "बसा मावशी. साहेबांच्या बायकोलाबी ठावं नसतं ते."

मी बसले. आतून यांनी विचारलं, "गोळी आणली का गं?" मी म्हटलं, "आणली." ते दहा पावलांवर, गोळी माझ्या मुठीत. चार लोकांत माझा आवाज फुटत नाही. उठायची, टेबलापर्यंत जायची, "साहेब" म्हणायची, हवालदार मान वर करायचा नाही, मी परत येऊन बसायची. असं किती वेळा केलं! त्या दिवशीचा राग मला त्याच्यापेक्षा माझाच जास्त येतो.

चारच्या सुमारास आत धप्पकन आवाज झाला. तो आवाज मला घरचा ओळखीचा.

"नाटक करतंय," कुणीतरी म्हणालं.

तेव्हा मी ओरडले, "कुशीवर करा! तोंडात काही घालू नका!" सगळं ठाणं माझ्याकडं बघायला लागलं. पण कपाळ भिंतीवर आपटून झालं होतं.

दवाखान्यात सहा टाके घालून त्यांना परत आणलं आणि सोडतो म्हणाले. हवालदारानं एक कागद आणि अंगठ्याची शाई पुढं सरकवली. मी पेन मागितलं.

"अरे वा, मावशी शिकलेल्या हायेत!"

चौथी. पण अक्षर अन् अक्षर वाचलं. 'आजारामुळं स्वतः पडला. पोलिसांबद्दल तक्रार नाही.' मी खाली लिहिलं, 'पोलिसांनी करदोडा काढून घेतला. गोळी घेतली नाही.' आणि सही केली.

"हे काय लिवलं? कागद खराब केला की!" त्यानं तो चुरगाळून खिशात घातला. मग तसाच दुसरा कागद लिहून यांच्यापुढं ठेवला.

मी यांचा दंड धरला. "नका देऊ."

"सोड की. घरी जाऊ दे मला."

त्यांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला. उजव्या हातानं पायजमा धरला होता. नाडी अजून माझ्याजवळच्या पुडक्यात होती.