खडीवरचा रविवार आणि नवा करार

बायबलमधला जुना करार मागे पडून नवा करार आला, ही बातमी कर्जतकडे नीट पोहोचली नाही, असं नगरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीला (चर्चला) वाटे. ती पोहोचवायला बहात्तरच्या दुष्काळात एका रविवारी मला एस.टी.त बसवण्यात आलं.

वाटेत इंजिन तापलं. कंडक्टर वस्तीवर पाणी मागायला गेला आणि शिव्या घेऊन परतला. इंजिनाचा राग निवेपर्यंत आम्ही बाभळीच्या तथाकथित सावलीत बसलो.

दुपारी पाळकसाहेबांच्या (तिथल्या धर्मगुरूंच्या) घरी पोहोचलो. पाळकीणबाईंनी मिलोची (अमेरिकेहून आलेल्या तांबड्या ज्वारीची) भाकरी वाढली.

"छान झालीय," मी म्हणालो.

"खोटं बोलू नका, आज रविवार हाय," त्या म्हणाल्या.

पाळकसाहेब मात्र गंभीर होते. "संध्याकाळी प्रभुभोजन आहे. पण रविवारी खडी फोडतात त्यांना भाकर-प्याला मिळणार नाही. आज्ञा म्हणजे आज्ञा." प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट वाटून घेण्याचा विधी.

दुष्काळी कामाला सुट्टी बाजाराच्या दिवशी असे, रविवारी नाही. म्हणजे सगळं गाव दगड फोडत होतं आणि मी त्यांना सांगणार होतो की, देवाचा नियम आता दगडावर नसून हृदयावर लिहिलेला आहे. विषय अगदी समयोचित होता.

संध्याकाळी लोक धुळीनं पांढरे होऊन चर्चमध्ये आले. जुन्या करारात बळीमागून बळी, नव्यात येशूचा, एकदाच आणि सगळ्यांसाठी, हे मी तासभर समजावलं. अर्धे श्रोते गाढ झोपले.

मग पाळकसाहेबांनी रविवार पाळणाऱ्यांना पुढे बोलावलं. आलो तिघं: पाळकीणबाई, मंडळीचे कारभारी आणि मी. आम्हा तिघांसाठी ताटात भाकर भरपूर होती.

सगुणाबाई नावाची एक विधवा उभी राहिली. "साहेब, म्या बाजारादिवशी प्रार्थना करते. चालंल का?"

"रविवार म्हणजे रविवार."

तिनं पदर डोक्यावर ओढला आणि ती मागं भिंतीशी सरकली. मी माझ्या चपलांकडे पाहत राहिलो. कृपेवर एक तास बोलून माझा घसा बसला होता म्हणे.

तेवढ्यात पाळकीणबाई उठल्या. "मीबी कामच केलंय. पाहुण्यासाठी पानी शेंदलं, चूल पेटवली."

"ते घरचं काम!"

"घरचं काम काम नसतं व्हय?" म्हणत त्या सगुणाबाईशेजारी जाऊन बसल्या.

आता सगळे माझ्याकडे पाहू लागले. ती भाकरी मीच खाल्ली होती. उठायला मला फार वेळ लागला, पण उठलो. पाठोपाठ कारभारी खाकरले. "माझा गडी सकाळी हिरीवर कामाला हुता," म्हणाले आणि तेही मागं आले.

पाळकसाहेब ताटापाशी एकटे उरले. मग ताट घेऊन ते खाली आले, थेट भिंतीपर्यंत. सगुणाबाईच्या बोटांना फोड आले होते, तिला तुकडा धरवेना. त्यांनी गुडघे टेकले आणि तो तिच्या तोंडात भरवला. ती रडत होती. झोपलेल्यांना शेजाऱ्यांनी हलवून उठवलं. भाकर पुरवून पुरवून वाटावी लागली.

दुसऱ्या दिवशी नगरला परतलो. मंडळीच्या चिटणीसांनी विचारलं, "लोकांना नवा करार समजला का?"

"चांगला समजला," मी म्हणालो. माझं व्याख्यान संपल्यावर समजला, आणि ज्यांना समजला त्यांत व्याख्यातेही होते, एवढं मात्र त्यांना सांगितलं नाही.